उष्णता सोसणारं जिओकॅस९: कॉलेजच्या लॅबमध्ये बनवायचं आणि तपासायचं कसं

जानेवारीच्या शेवटी निफाडच्या बाजूला पहाटे हात खिशातून बाहेर काढवत नाहीत. पण अशा गारठ्यातही वाइनरीमागच्या चोथ्याच्या ढिगातून वाफ निघत असते. कुजणं जोरात सुरू असलं की ढिगाच्या पोटात तापमान ६० अंशांपर्यंत जातं. तिथे जिवाणू आरामात जगतात, आणि त्यांच्यावर हल्ला करणारे विषाणूही. म्हणजे या जिवाणूंची संरक्षण यंत्रणा, त्यांचं क्रिस्पर, त्या उष्णतेत चालणारंच असायला हवं.

तसं ते आहेच. क्रिस्परमधलं डीएनए कापणारं प्रोटीन म्हणजे कॅस९. कंपोस्टमधून मिळालेल्या जिओबॅसिलस थर्मोडिनायट्रिफिकन्स टी१२ या जिवाणूतून थर्मोकॅस९ काढण्यात आलं. त्याच वर्षी, २०१७ मध्ये, अमेरिकेत बर्कलीला जेनिफर डाउडना यांच्या गटाने जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसमधलं जिओकॅस९ प्रसिद्ध केलं. लॅम्प चाचणीत (एकाच तापमानाला डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या) वापरतात ते बीएसटी पॉलिमरेज हे एन्झाइम याच जिवाणूचं, त्यामुळे नाव ओळखीचं वाटेल. सगळे वापरतात ते एसपीकॅस९ साधारण ४५ अंशांपर्यंत काम करतं, जिओकॅस९ ७० पर्यंत. एसपीकॅस९ १,३६८ अमिनो आम्लांचं, जिओकॅस९ १,०८७ अमिनो आम्लांचं, म्हणजे आकारानेही लहान. मानवी रक्तद्रवात ते जास्त वेळ टिकतं, हा तिसरा फायदा.

हे प्रोटीन आम्ही एमएस्सीच्या मुलांबरोबर बनवलं. शोधनिबंधातली पद्धत समोर होती, तरी पहिल्या दोन खेपा वाया गेल्या. ज्यांनी त्या घालवल्या त्या गोष्टी निबंधात एकेका ओळीत होत्या किंवा मुळातच नव्हत्या. त्या सविस्तर सांगायच्या म्हणून हा लेख. एक गोष्ट आधीच मनात पक्की करा: उष्णता सोसतं ते प्रोटीन. त्याचा गाइड आरएनए (कुठे कापायचं ते दाखवणारा आरएनए) नाही, तुमचं बफर नाही आणि तुमचा डीएनएही सरसकट नाही. पुढच्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

परवानगी आणि सामान

ई. कोलाय या जिवाणूमध्ये परका जीन घालायचा म्हणजे संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला आधी लेखी कळवायचं. प्रयोग साधा असला तरी कळवायचं. कॉलेजात समिती नसेल तर ती असलेल्या संस्थेबरोबर काम करा. नोंद नसलेला प्लाझ्मिड (जीन वाहून नेणारं डीएनएचं कडं) फ्रीझरमध्ये पडून राहू देऊ नका.

जिओकॅस९चे प्लाझ्मिड अ‍ॅडजीन या प्लाझ्मिड पुरवणाऱ्या संस्थेकडून मिळतात, पण करारावर संस्थेच्या अधिकाऱ्याची सही लागते आणि सामान परदेशातून यायचं असतं. दुसरा मार्ग म्हणजे जीन कृत्रिमरीत्या बनवून घेणं. तो साधारण ३,२६० बेसचा आहे. ई. कोलायला सोयीचे कोडॉन, पुढे हिस्टिडीनचा टॅग (निकेलच्या कॉलमला चिकटण्यासाठी) आणि एमबीपी (विरघळायला मदत करणारं जोडप्रोटीन), मध्ये ते कापून काढणाऱ्या टीईव्ही प्रोटिएजची जागा, असं सांगून ऑर्डर द्या. एमबीपी नसेल तर प्रोटीनचा बराच भाग न विरघळणाऱ्या गाळात जातो.

द्रव नायट्रोजनसाठी पुण्या-मुंबईकडे बघत बसू नका. गाईंच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात, त्यामुळे दूध संघ आणि पशुवैद्यकांच्या पुरवठ्याची साखळी तालुक्या-तालुक्यात पोचलेली आहे. आम्ही पाच लिटरचं कॅन तिथूनच भरून आणतो.

कोरड्या बर्फात येणाऱ्या वस्तूंसाठी मात्र तारीख नीट निवडा. एप्रिलमध्ये शुक्रवारी निघालेलं आमचं एक पार्सल सोमवारी दुपारी पोचलं. खोक्यात बर्फाचा खडा नव्हता आणि आतलं तयार एसपीकॅस९ मेलेलं होतं. तेव्हापासून थंडीत पाठवायचं सामान सोमवारीच निघेल, असं पुरवठादाराकडून लेखी घेतो.

कुठे कापायचं

पहिला प्रयोग नळीतच करायचा: पीसीआर करून मिळालेला डीएनएचा तुकडा जिओकॅस९ने कापून पाहायचा. तुकडा कोणताही चालेल. आम्ही द्राक्षातला डीएमआर६ हा जीन निवडला, कारण मुलांपैकी निम्म्यांच्या घरी बाग आहे आणि डाऊनी, म्हणजे केवडा रोग, काय ते त्यांना सांगावं लागत नाही. या जीनमुळे वेल केवड्याला बळी पडायला मदत होते. तो निकामी केला की रोग कमी पडतो, हे इटलीतल्या संशोधकांनी द्राक्षात दाखवलं आहे.

पानं घ्यायची ती ऑक्टोबर छाटणीनंतरच्या कोवळ्या शेंड्यांची, नखाएवढी. जून पानात टॅनिन इतकं असतं की डीएनएचा गोळा चहाच्या रंगाचा येतो आणि पीसीआर होत नाही. पानं द्रव नायट्रोजनमध्ये कुटून पीठ करा. सीटॅबच्या (डीएनए काढण्याच्या) बफरमध्ये टॅनिन धरून ठेवणारं २ टक्के पीव्हीपी आणि वापरायच्या वेळी बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घाला. हे फ्यूम हूडखालीच, वास उग्र असतो. शेवटी मिळणारा गोळा पांढरा किंवा फिकट पिवळा असला तर पुढे जा. तपकिरी असेल तर त्याच्याशी झगडण्यापेक्षा नवी पानं घ्या.

पीसीआरचा तुकडा ८०० बेसच्या आसपास ठेवा, आणि काप मध्यावर नको. एका बाजूला ५५० आणि दुसऱ्या बाजूला २५० असे तुकडे पडले की जेलवर दोन वेगळे पट्टे दिसतात. बरोबर मध्ये कापलं तर एकच जाड पट्टा येतो आणि वाद सुरू होतात.

आता पॅम, म्हणजे लक्ष्याशेजारची ती ठरावीक अक्षरं, जी नसतील तर कॅस९ कापत नाही. इथेच आमचा एक महिना गेला. एसपीकॅस९ला लक्ष्याच्या लगेच पुढे 'एन-जी-जी' लागतं. जिओकॅस९ला लागतं ते असं: आधी कोणतेही चार बेस, मग सी, मग ए किंवा जी, मग ए, ए. ते चार बेस मोकळी जागा आहेत, पण ती जागा सोडलीच पाहिजे. समजा अनुक्रमात 'टी-जी-ए-टी-सी-ए-ए-ए' सापडलं. गाइडचे २२ बेस त्यातल्या पहिल्या 'टी'च्या आधी संपतात. आमच्या विद्यार्थिनीने 'सी-ए-ए-ए'लाच पॅम धरलं आणि गाइड थेट 'सी'ला चिकटवला, म्हणजे चार बेस पुढे सरकला. प्रोटीन उत्तम होतं, आरएनए उत्तम होता, काप शून्य. बफर बदलून झालं, मॅग्नेशियम वाढवून झालं. शेवटी कागदावर पेन्सिलीने एकेक अक्षर मोजलं तेव्हा सापडलं. म्हणून आता आमच्याकडे नियमच आहे: गाइड मागवण्याआधी अनुक्रम छापायचा, पॅमच्या आठ अक्षरांना चौकट करायची, तिच्या आधीचे २२ बेस अधोरेखित करायचे, आणि दुसऱ्या कुणीतरी सही करायची. काप पडतो तो अधोरेखित भागाच्या शेवटून तीन बेस आत.

असं पॅम किती वेळा भेटेल? सी येण्याची शक्यता चारात एक, पुढचं अक्षर दोनात एक, दोन ए मिळून सोळात एक. गुणाकार १२८. दोन्ही धागे धरले तर दर ६४ बेसमागे एक जागा. म्हणजे ८०० बेसमध्ये ढोबळमानाने बारा. एसपीकॅस९ला हीच जागा दर आठ बेसमागे मिळते. जिओकॅस९ वापरताना हवा तिथे काप मिळेलच असं नाही, हे आधीच मान्य करून जीन निवडा. तीन गाइड बनवा. त्यातला एक बहुधा मंद निघतो.

गाइड आरएनए

हा सगळ्या कामाचा नाजूक भाग. थर्मोकॅस९च्या अभ्यासात एक मोलाची गोष्ट दिसली: जास्त तापमानाला प्रोटीन किती काम करतं, हे गाइडच्या रचनेवर अवलंबून असतं. गाइडच्या मागच्या भागातल्या वळ्या अपुऱ्या ठेवल्या तर कमी तापमानाला चालतं, वर गेलं की कोलमडतं. म्हणून एसपीकॅस९च्या गाइडचा ओळखीचा सांगाडा (लक्ष्याचे बेस सोडून उरलेला, न बदलणारा भाग) इथे लावायचा नाही. जिओकॅस९चा सांगाडा वेगळा आणि लांब आहे. तो मूळ निबंधातून जसाच्या तसा घ्या, छोटा करून पैसे वाचवायला जाऊ नका.

टी७ पॉलिमरेजने आरएनए बनवताना सुरुवातीला दोन जी असले की उत्पादन चांगलं येतं. गाइड तसा नसेल तर पुढे जी जोडा, पण जोडल्याची नोंद ठेवा. ३७ अंशांना तीन-चार तास, मग उरलेला डीएनए खाणारं डीएनेज, मग कॉलममधून स्वच्छता. त्यानंतर युरियाच्या जेलवर बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. एक स्पष्ट पट्टा हवा. खाली धुरासारखा पसारा दिसला तर आरएनए तुटलेला आहे, टाकून द्या.

कॉलेजच्या लॅबमध्ये आरएनए तुटण्याचं कारण बहुतेक वेळा आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) असतं, आणि ते येतं प्लाझ्मिड काढण्याच्या किटमधून. तिथे ते मुद्दाम घातलेलं असतं. तेच पिपेट इथे वापरलं की संपलं. आरएनएसाठी वेगळे पिपेट, वेगळा कोपरा, फिल्टर असलेली टिप्स, आणि नळीवर लाल टेपची खूण. आमच्या कोपऱ्यात खडूने आखलेली रेघ आहे. तिच्या आत किट येत नाही.

वापरण्याआधी आरएनएला घडी घालायला लावा: मॅग्नेशियमशिवाय ९० अंशांना दोन मिनिटं, मग खोलीच्या तापमानाला सावकाश थंड, मग मॅग्नेशियम. हा क्रम उलटा करू नका. मॅग्नेशियम आणि उष्णता एकत्र आली की आरएनए आपोआप तुटायला लागतो. म्हणूनच ७० अंशांची चाचणी अर्ध्या तासापेक्षा लांबवू नका. दोन तासांनी काप वाढत नाही असं दिसलं तर दोष प्रोटीनचा नसून आरएनए संपलेला असतो.

प्रोटीन वाढवणं

उष्ण जिवाणूचं प्रोटीन म्हणून ते गरम तापमानाला वाढवावं, असं मुलांना वाटतं. तसं करायचं नाही. ई. कोलाय ३७ अंशांना वाढवा, घनता ०.६ ते ०.८ झाली की फ्लास्क बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, जीन चालू करणारं ०.५ मिलिमोलर आयपीटीजी घाला आणि १६ ते १८ अंशांना रात्रभर फिरवा. सव्वाशे किलोडाल्टनचं प्रोटीन आहे. सावकाश बनलं तर नीट घडी पडते.

मे महिन्यात नाशिकला खोलीच ३५ वर असते आणि थंड करणारा शेकर सगळ्यांकडे नसतो. आमचा बंद पडला तेव्हा एसी लावलेल्या खोलीत २४-२५ अंशांना सहा तास वाढवून बघितलं. प्रोटीन निम्म्याहून कमी आलं, पण जे आलं ते चांगलं कापत होतं. अडचणीत हा मार्ग चालतो. शक्य असेल तर हे काम डिसेंबर-जानेवारीत उरका.

तापवण्याची पायरी

जिओकॅस९चा खरा फायदा छोट्या लॅबला इथे मिळतो. पेशी फोडल्यावर, निकेलच्या कॉलमआधी, अर्क तापवायचा. ई. कोलायची बरीच प्रोटीनं उकडून गोठतात आणि खाली बसतात. जिओकॅस९ वर राहतं.

पेशी फोडायचं बफर: २० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.५, ५०० मिलिमोलर मीठ, १० मिलिमोलर इमिडाझोल, ५ टक्के ग्लिसरॉल, १ मिलिमोलर टीसेप आणि प्रोटिएज रोखणारं मिश्रण. मीठ कमी करू नका. कॅस९ला डीएनए-आरएनएची ओढ असते. कमी मिठात ते ई. कोलायचाच डीएनए घट्ट धरून बसतं आणि तापवल्यावर त्याच्यासकट गाळात जातं.

फोडून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून स्वच्छ झालेल्या अर्कातून २०० मायक्रोलिटरच्या चार नळ्या भरा. एक बर्फात, बाकीच्या ४५, ५० आणि ५५ अंशांना पंधरा मिनिटं. पुन्हा फिरवा आणि वरचा द्रव जेलवर लावा. तुमचा पट्टा तसाच राहून बाकीचे फिके झालेत असं सर्वांत वरचं तापमान निवडा. प्रोटीन ७० अंशांना काम करतं, मग अर्कही ७०लाच तापवू, असं करू नका. गाइड आरएनएला बिलगलेलं प्रोटीन आणि एकटं प्रोटीन यांत फरक आहे. एकटं असताना ते लवकर सैल पडतं. आमची पहिली खेप ६५ अंशांवर अशीच गेली. दहा मिनिटांत सगळी नळी ताकासारखी पांढरी झाली होती.

मोठ्या प्रमाणात तापवताना ५० मिलिलिटरची भरलेली नळी वॉटर बाथमध्ये नुसती ठेवली तर आतला भाग तापायलाच वेळ लागतो. दहा-दहा मिलिलिटरच्या वाटण्या करा, हलक्या हाताने हलवत राहा, वेळ संपली की थेट बर्फात. मग ४ अंशांना वेगाने फिरवा.

पुढचं शुद्धीकरण नेहमीसारखंच: निकेलचा कॉलम, १ मोलर मिठाची एक धुणी, ३०० मिलिमोलर इमिडाझोलने काढणं, रात्रभर ४ अंशांना टीईव्हीबरोबर डायलिसिस, मग हेपारिनचा कॉलम. २६० आणि २८० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं, म्हणजे २६० भागिले २८० हे गुणोत्तर ०.६च्या आसपास यायला हवं. ते १च्या वर असेल तर परकं न्यूक्लिक आम्ल (डीएनए-आरएनए) अजून चिकटलेलं आहे, हेपारिन पुन्हा करा. प्रोटीन १० मायक्रोलिटरच्या वाटण्यांत द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंशांना ठेवा. उष्णता सोसतं म्हणून टेबलावर राहिलं तरी चालेल, हा गैरसमज काढून टाका. उरलेलं चिमूटभर प्रोटिएजही त्याला हळूहळू खातं.

कापाची चाचणी

बफर हेपेसचं ठेवा, ट्रिसचं नको. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर पडतो: २५ अंशांना ८ असलेलं ट्रिस ६५ला ७च्या खाली जातं. मग तुम्ही तापमान तपासताय की पीएच, तेच कळत नाही. आमच्या नळीत २० मिलिमोलर हेपेस पीएच ७.५, १५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १ मिलिमोलर डीटीटी आणि ५ टक्के ग्लिसरॉल असतं.

आधी प्रोटीन आणि गाइड एकत्र करा. गाइड थोडा जास्त, प्रोटीनच्या १.२ पट. ३७ अंशांना दहा मिनिटं. मग २० मायक्रोलिटरमध्ये हा संच १०० नॅनोमोलर आणि डीएनए १० नॅनोमोलर. ८०० बेसच्या तुकड्याचा हा हिशेब नळीमागे सुमारे १०० नॅनोग्रॅम होतो, जेलवर दिसायला पुरेसा.

तापमानं ३७, ४५, ५०, ५५, ६०, ६५, ७०. पीसीआर यंत्रात ग्रेडियंट असेल तर एका खेपेत होतात, आणि तापणाऱ्या झाकणामुळे पाणी उडत नाही. साध्या ब्लॉकवर करत असाल तर वर खनिज तेलाचा थेंब टाका, नाहीतर ७० अंशांना अर्ध्या तासात नळीच्या झाकणावरच सगळं जमतं आणि मिठाचं प्रमाण बदलतं. लक्ष्य म्हणून ३०-४० बेसचे जोडलेले छोटे ऑलिगो वापरू नका. वरच्या तापमानाला त्यांचे धागे सुटू शकतात. पीसीआरचा मोठा तुकडा ७०ला टिकतो.

प्रत्येक खेपेत चार साक्षीदार (कंट्रोल) हवेत: गाइडशिवाय, प्रोटीनशिवाय, चुकीच्या गाइडसह, आणि शेजारी एसपीकॅस९ त्याच्या स्वतःच्या गाइडसह. एसपीकॅस९ ५०च्या पुढे गप्प बसलं आणि जिओकॅस९ कापत राहिलं, तरच तुमच्या निकालाला अर्थ आहे.

थांबवताना काळजी घ्या. एसपीकॅस९ थांबवायला बरेचजण नळी ६५ अंशांना दहा मिनिटं ठेवतात. इथे त्याने काम थांबत तर नाहीच, उलट जोरात चालतं. ३७ अंशांच्या नळीत सुंदर काप दिसला म्हणून आम्ही आनंदलो होतो. नंतर लक्षात आलं, तो काप थांबवतानाच्या ६५ अंशांत पडला होता. म्हणून वेळ संपताच ईडीटीए घाला, म्हणजे मॅग्नेशियम काढून घेतलं जाईल, मग थोडं एसडीएस आणि प्रोटिनेज के घालून ५० अंशांना वीस मिनिटं. प्रोटिनेज के गाळलं तर कॅस९ कापलेल्या टोकांना धरून बसतं आणि डीएनए जेलच्या खाचेतच अडकतो. खाचेत चमक आणि खाली काही नाही असं दिसलं तर हेच कारण.

दीड टक्क्याचं ॲगारोज पुरतं. कापलेला भाग मोजताना वरच्या पट्ट्याची आणि खालच्या दोन्ही पट्ट्यांची चमक घ्या. एकट्या खालच्या पट्ट्यावरून टक्केवारी काढू नका.

उरलेली वाढ, गाळ, नळ्या सगळं १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह करूनच बाहेर. बेसिनमध्ये काहीही ओतायचं नाही.

वेलीपर्यंत जायचं का

हा प्रश्न बागायतदार पालकांकडून पहिल्याच दिवशी येतो. माझं मत स्पष्ट आहे: द्राक्षासाठी हे पहिल्या पसंतीचं हत्यार नाही. वेलीच्या पेशी २५ ते २८ अंशांना वाढवतात, तिथे ७० अंशांच्या ताकदीचा उपयोग नाही. थर्मोकॅस९ कमी तापमानाला पॅमबाबत जास्त काटेकोर होतं, हेही दिसलं आहे. द्राक्षाच्या भिंत काढलेल्या पेशींमध्ये तयार कॅस९ आणि गाइडचा संच सोडून काप घडवल्याचं काम २०१६ मध्ये झालं, ते एसपीकॅस९ने. जिओकॅस९च्या बाजूने बोलायचं तर २०२४ मध्ये त्याचं सुधारलेलं रूप आलं, आयजिओकॅस९. त्याने मूळ प्रोटीनच्या शंभरपटीहून जास्त काम केलं आणि उंदरांच्या यकृतात-फुप्फुसांत बदल घडवले. रक्तद्रवात टिकण्याचा गुण तिथे कामी येतो.

मूळ प्रोटीनची खरी जागा ५० अंशांच्या वर वाढणाऱ्या जिवाणूंमध्ये आहे, जिथे एसपीकॅस९ चालतच नाही. थर्मोकॅस९ने बॅसिलस स्मिथीमध्ये ५५ अंशांना जीन काढून दाखवले आहेत. चोथ्यापासून काही उपयोगी बनवणारा उष्णताप्रेमी जिवाणू घडवायचा असेल तर रस्ता हा. रोगनिदानात लॅम्पबरोबर एकाच नळीत चालणारी चाचणी हवी असेल तर कॅस१२बी बघा. २०२० मध्ये कोविडसाठी ६० अंशांना चालणारी तशी चाचणी बनली होती. कॅस१२बी लक्ष्य सापडलं की आजूबाजूचे एकेरी धागेही कापतं, म्हणून चमक देता येते. कॅस९ तसं करत नाही.

तरीही वेलीवरच काम करायचं असेल तर नियम माहीत असू द्या. परका डीएनए न उरलेल्या एसडीएन-१ आणि एसडीएन-२ प्रकारच्या (स्वतःच्याच जीनमध्ये छोटा बदल केलेल्या) वनस्पतींना पर्यावरण मंत्रालयाने ३० मार्च २०२२ च्या आदेशाने १९८९ च्या नियमांतल्या काही कलमांतून सूट दिली. त्याच वाटेने मे २०२५ मध्ये भाताचे दोन वाण जाहीर झाले. ही सूट प्रयोगशाळेतल्या कामाला नाही. तिथे जैवसुरक्षा समिती लागतेच, आणि परका डीएनए उरला नाही हे दाखवणं तुमच्यावर असतं.

पेशींना हात लावण्याआधी २५, २८ आणि ३७ अंशांची नळीतली चाचणी तीन वेगवेगळ्या दिवशी करा, तिन्ही गाइडसह. २५ला अर्ध्या तासात दहा टक्केही काप दिसत नसेल तर तो गाइड वहीत तसा नोंदवून बाजूला ठेवा.